रॉक पत्रकारांचे संवाद, मुंबईतील

रॉक आणि तत्सम पाश्चात्त्य जनप्रिय संगीतावर मुंबईच्या वृत्तपत्रांतून व नियतकालिकांतून दीर्घकाळ लेखन केलेल्या पत्रकारांच्या आपसांतील, अथवा श्रोत्यांसमोर रंगणाऱ्या, जाणत्या गप्पा. विषय संगीताचा असला तरी ओघात चित्रपट, पेहराव, रेडिओ, सिगारेटच्या जाहिराती, पोलीस परवाने असे सगळेच येते. शहरातील रॉकच्या इतिहासाचे साधन म्हणून या संवादांना महत्त्व आहे. लिखित पुरावा विरळ आहे : जाहिराती, त्रोटक वृत्तान्त, मोजक्या ध्वनिमुद्रिका, थोडी छायाचित्रे. वादक कोण होते, गिटार कोणाची उसनी आणली होती, ध्वनिवर्धक कधी बंद पडला, हे बहुधा ऐकणाऱ्यांच्या आठवणींतच सापडते.

उगम : या परंपरेच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार आरंभबिंदू म्हणजे १९६७ मध्ये कलकत्त्याच्या स्टेट्समन वृत्तपत्रसमूहाने डेझमंड डॉइग यांच्या संपादकत्वाखाली सुरू केलेले ‘ज्युनिअर स्टेट्समन’ हे तरुणांचे साप्ताहिक. ‘जेएस’ या नावाने ते देशभर वाचले जाई व १९७७ पर्यंत चालले. अमेरिकेत ‘क्रॉडॅडी’ हे रॉकविषयक नियतकालिक १९६६ मध्ये आणि ‘रोलिंग स्टोन’ १९६७ मध्ये निघाले, हे पाहता भारतीय रॉकलेखन जगाच्या फारसे मागे नव्हते, असा या मताचा रोख असतो.

दुसरे मत आणखी मागे जाते. निरंजन झवेरी यांनी मुंबईतून १९५२ च्या सुमारास ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले. त्यात रॉक असणे शक्यच नव्हते. तो प्रकार तेव्हा आकारास यायचा होता. परंतु तबकडीवरील वादकांची नावे तपासणे, एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकणे, साल आणि कंपनी यांवरून वाद घालणे ही शिस्त जॅझच्या जाणकारांची होती. मुंबईच्या रॉक पत्रकारांच्या बोलण्यात तीच दिसते. विषयाचा उगम ‘जेएस’मध्ये आणि पद्धतीचा जॅझमध्ये मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रेडिओ सिलोनचा कानांवरील संस्कार दोन्ही मतांना मान्य आहे.

स्थानिक बँडविषयी बोलताना जुनी मंडळी हमखास ‘सिमला बीट’पर्यंत येतात. एका तंबाखू कंपनीच्या पुरस्काराने झालेल्या या स्पर्धेतील बँडच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका आज संग्राहकांत मौल्यवान ठरल्या आहेत. त्या काळच्या सॅव्हेजेस, जेट्स यांसारख्या मुंबईकर बँडविषयी छापील मजकुरापेक्षा बोललेलेच अधिक.

१९७२ चा प्रश्न : या संवादांत सर्वाधिक चघळला गेलेला विषय म्हणजे लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांची मुंबईभेट. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये दोघांनी स्थानिक वादकांसह वाजवले आणि शहरातील एका स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या आपल्या आधीच्या दोन गीतांची नवी रूपे ध्वनिमुद्रित केली, एवढे निर्विवाद आहे. वाद आहे तो महिन्याचा. चोरट्या ध्वनिमुद्रणांच्या वेष्टनांवर आणि त्यांवर विसंबलेल्या लेखनात मार्च १९७२ असा काळ येतो. बँडचा ऑस्ट्रेलिया दौरा फेब्रुवारीअखेर संपल्यामुळे तो पटण्यासारखाही आहे. दुसरा काळ ऑक्टोबर १९७२, जपान दौऱ्यानंतरचा. २०१५ मध्ये ही ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, तेव्हा ऑक्टोबर हाच महिना दिला गेला. दोघे त्या वर्षी एकाहून अधिक वेळा मुंबईत आले असणे संभवनीय असल्याने, दोन भेटींच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असाव्यात. ध्वनिमुद्रणापुरता ऑक्टोबर ग्राह्य धरावा. मात्र ‘स्लिप डिस्क’मधील त्या रात्रीचे वातावरण कळण्यासाठी गप्पांखेरीज गत्यंतर नाही, आणि तिथे त्यांचे मोल कोणत्याही वेष्टनापेक्षा जास्त आहे.

रंगभवन : धोबीतलावावरील हे खुले नाट्यगृह संवादांचे दुसरे मध्यवर्ती स्थान. १९७८ मध्ये झवेरी यांच्याच पुढाकाराने येथे ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ महोत्सव भरला. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम येथेच झाला. आयोजक होता टाइम अँड टॅलेंट्स क्लब, धर्मादाय कार्य करणारी महिलांची संस्था. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’, म्हणजे ‘आय-रॉक’, भरवण्यास सुरुवात केली. रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) या बँडचा श्रोतृवर्ग घडण्यात रंगभवनाचा वाटा मोठा होता. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचे किमान शंभर मीटर क्षेत्र तेव्हा शांतता क्षेत्र मानत. समोर सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि आसपास रुग्णालये असल्याने मोठ्या आवाजाचे कार्यक्रम रंगभवनात बंद झाले व आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. नियमामागील कारण रास्त होते. पर्यायी खुले, स्वस्त, रेल्वे स्थानकाजवळचे रंगमंच शहराने उभारले नाहीत, ही हानी मात्र खरी.

बैठकीच्या जागा : काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान (१९४० च्या दशकापासून २०१६ पर्यंत) सर्वांत महत्त्वाचे. तेथील काचेच्या खोपट्यांत उभे राहून तबकडी ऐकता येई. घेण्याची सक्ती नसे, त्यामुळे परीक्षण लिहिणारा आणि खिसा रिकामा असलेला विद्यार्थी एकाच खोपट्यासमोर ताटकळत. समोरच्या जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ उपाहारगृहात चित्रकार, लेखक, पत्रकार यांचा राबता होता; ते २०१५ मध्ये बंद झाले.

मराठीशी संबंध : या संवादांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी राहिली. मराठीत लेखन तुरळक आहे. दुवा म्हणून नंदू भेंडे (मृत्यू २०१४) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सॅव्हेजेस व व्हेल्व्हेट फॉग या बँडचे हे गायक पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त (१९७८) गायले, आणि पाश्चात्त्य ठेक्यावरचे गाणे मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकापर्यंत पोचले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी क्रीडा संकुलात झालेल्या मायकेल जॅक्सनच्या कार्यक्रमाची मराठी वृत्तपत्रांनी भरपूर दखल घेतली. पण कार्यक्रमाशी जोडलेली शिवसेनाप्रणीत शिवउद्योग सेना, करमणूक करातील सवलत आणि त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायतीने दिलेला न्यायालयीन लढा यांनीच जागा व्यापली. गायनाची समीक्षा मागे पडली.

अलीकडील स्वरूप : १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ आणि २००८ मध्ये सुरू झालेली ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती यांमुळे पुढच्या पिढीला व्यासपीठ मिळाले. गप्पा आता पॉडकास्टवर ध्वनिमुद्रित होतात. सिद्धार्थ भाटिया यांनी साठ-सत्तरच्या दशकांतील भारतीय रॉकवर लिहिलेला ग्रंथ (२०१४) अशाच मुलाखतींवर आधारलेला आहे.