राखट जांभळा भिंतीवर रंग का बदलतो?

शेडकार्डावर पसंत पडलेला राखट जांभळा भिंतीवर लागला की सकाळी निळसर, दुपारी मातकट आणि रात्री दिव्याखाली करडाच दिसतो. यात रंगाऱ्याची चूक नसते. या रंगाची घडणच तशी आहे.

जांभळी भिंत लाल आणि निळा प्रकाश परत पाठवते, मधला हिरवा शोषते. रंग मंद करायला त्यात काळा किंवा पिवळा ऑक्साइड घातला की तिन्ही वाटे जवळजवळ सारखे होतात. लाल-निळ्याची आघाडी थोडीशीच उरते. त्यामुळे येणाऱ्या प्रकाशात किंचित फरक पडला तरी तोल ढळतो. ३००० केल्विनच्या पिवळसर एलईडीत निळा कमी असतो, म्हणून भिंत तपकिरीकडे झुकते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तीच भिंत थंड, निळसर वाटते. आधी दिवा ठरवावा, मग शेड.

शेजारचे रंगही खेळ करतात. पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत काळ्या धाग्याचा रंग नीट नसल्याची तक्रार आली, तेव्हा तिथले रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी तपासून दाखवलं की काळा ठीकच आहे. लगतच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. चादरीची किनार बदलली की जमिनीचा, म्हणजे मधल्या भागाचा रंग वेगळा दिसतो, हे सोलापूरच्या विणकराला सांगावं लागत नाही. राखट जांभळ्याशेजारी पिवळट पांढरं छत किंवा क्रीम पडदे असले की त्यातला जांभळा खुलतो. राणी रंगाचा पडदा लावला, तर भिंत निव्वळ राखाडी दिसते.

नमुना बघायचा तर दोन बाय दोन फुटांचा तुकडा दोन वेगवेगळ्या भिंतींवर, दोन हात देऊन रंगवावा. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये. इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं. एक दिवस थांबून सकाळी, चारच्या उन्हात आणि रात्री दिवे लावून बघावं.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तापलेल्या भिंतीवर रंगातलं पाणी लगेच उडतं, रोलरचा पुढचा पट्टा ओल्या कडेला मिळत नाही आणि जोड उठून दिसतात. मंद शेडमध्ये हे पट्टे फार बोचतात. म्हणून पश्चिमेची भिंत सकाळीच घ्यावी, आणि एक भिंत मध्येच न थांबता पुरी करावी.

नवा गिलावा किमान २८ दिवस मुरू द्यावा. ताज्या सिमेंटचा क्षार काही रंगद्रव्यांना खातो आणि डाग पडतात. वर क्षाररोधक प्रायमर हवाच. भिंतीला लोणा लागला असेल तर आधी ओलीचं कारण शोधावं, नाहीतर पुट्टीसकट पोपडे सुटतात.

बाहेरच्या भिंतीसाठी हा रंग टाळावा. फिक्या जांभळ्यातली सेंद्रिय रंगद्रव्यं कडक उन्हात विटतात, मागे उरतो तो राखाडी. बाहेर हाच ढंग हवा असेल, तर लाल ऑक्साइडवर आधारलेली जांभळट तपकिरी शेड जास्त टिकते.

मोजमाप सोपं आहे: दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ४४० चौरस फूट भिंत. दारं-खिडक्या वजा करून साधारण ३९०. दोन हातांना लिटरमागे ६०-७० चौरस फूट धरले तर सहा लिटर लागतात. सगळा रंग एकदमच घ्यावा आणि वेगवेगळे डबे एका बादलीत ओतून ढवळून घ्यावेत. मशीनवर पुन्हा बनवलेल्या डब्यात थेंबभर काळा कमी-जास्त झाला, तरी या शेडमध्ये तो भिंतीवर लगेच ओळखू येतो.