उद्या भरतो

नाशिकच्या रविवार कारंजावरून मेनरोडकडे संध्याकाळी निघालात तर एखादा पिग्मीवाला, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करून ती भरणारा, हमखास दिसेल. खांद्याला बॅग, हातात पावतीचं मशीन. चहावाला शंभर देतो, फुलवाली पन्नास. असाच एकजण कल्पनेत घ्या. वीस वर्षांत भरण्यात रुपयाचा फरक नाही, सुटेसुद्धा दोनदा मोजणारा. एका महिन्यात मुलाच्या क्लासची फी थकते. तो चहावाल्याला म्हणतो, "मशीनची बॅटरी उतरली, पावती उद्या देतो." शंभर रुपये खिशात राहतात. दुसऱ्या दिवशी तो ते खरंच भरतो.

हिशेब चुकता. पण मेंदूत काहीतरी हललेलं असतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना नाण्यांनी भरलेल्या काचेच्या बरण्यांची चित्रं दाखवायची आणि आत किती पैसे आहेत याचा अंदाज जोडीदाराला कळवायला सांगायचं. काही फेऱ्यांत आकडा फुगवला की सांगणाऱ्याचा फायदा, जोडीदाराचं नुकसान. सुरुवातीला लोक थोडंच फुगवत, मग हळूहळू जास्त. काहीजण हा खेळ स्कॅनरमध्ये पडून खेळत होते. भावनांशी जवळचा संबंध असलेला मेंदूचा अमिग्डाला नावाचा भाग पहिल्या खोट्याला चांगलाच प्रतिसाद देई, पुढच्या खोट्यांना कमी कमी. हा प्रतिसाद जितका घसरे, तितकी पुढची थाप मोठी. खोटं फक्त जोडीदाराच्या फायद्याचं असलं, तर मात्र ही वाढ दिसली नाही.

अमिग्डाला म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचं ऑफिस नव्हे, आणि दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असंही नाही. पण सवयीने बोच बोथट होते, हे ओळखीचं आहे. लासलगावच्या बाजार समितीत सडक्या कांद्याचा वास नवख्याच्या नाकात शिरतो, हमालाला विचारा, तो म्हणेल, "कसला वास?"

माझ्या मते खरी गोम इथे आहे. आपण समजतो, सावध माणूस सुरक्षित. उलट तोच लहान पावलं टाकतो, आणि लहान पावलाला धोक्याची घंटा वाजत नाही. बेधडक माणूस पहिल्याच दिवशी लाखाला हात घालून पकडला जातो. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या गाजलेल्या प्रयोगात लोकांना दुसऱ्या माणसाला चुकीच्या उत्तरासाठी विजेचे झटके द्यायला सांगितलं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत, आणि ते 15-15 व्होल्टनेच वाढत होते. 40 पैकी 26 साधीसुधी माणसं 450 पर्यंत गेली. अधिकारवाणीने "पुढे चला" म्हणणारा माणूस तिथे होताच. पण पहिलंच बटण 450 चं असतं, तर किती जणांनी दाबलं असतं?

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी तुरुंगातल्या अफरातफरवाल्यांशी बोलले. 1953 मध्ये त्यांनी मांडलं, की अफरातफरीमागे तीन गोष्टी असतात : कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, ती गुपचूप सोडवण्याची संधी, आणि स्वतःला पटणारा एखादा शब्द. बहुतेकदा तो शब्द 'उसने' हाच असे. चोरी केली असं मनातल्या मनातही म्हणायचं नाही. आपल्याकडे तर शब्दांचा तुटवडाच नाही : उचल, हातउसने, फिरवाफिरव, 'ॲडजस्ट केलं'.

आपला पिग्मीवाला आता आज गोळा केलेल्यातून कालचं भरतो आणि उद्याच्यातून आजचं. मुलाची फी केव्हाच भरून झाली आहे. चहावाला सवयीने हात पुढे करतो.

"बॅटरी उतरली," तो म्हणतो. मशीनवरचा हिरवा दिवा चालूच असतो.