मोजक्या गिऱ्हाइकांच्या प्रोसेसरचा भाव: थोडी पार्श्वभूमी

पहिला व्यावसायिक मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा हिशोब करणारा भाग एकाच चिपवर मावलेला, सर्वसाधारण बाजारासाठी बनलाच नव्हता. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलने 4004 तयार केला आणि मूळ करारानुसार तो अन्य कुणाला विकण्याची इंटेलला मुभा नव्हती. कॅल्क्युलेटरचे भाव घसरू लागल्यावर बिझिकॉमने चिपचा दर उतरवून मागितला. इंटेलने सवलत दिली आणि तिच्या बदल्यात कॅल्क्युलेटरखेरीज इतर कामांसाठी ही चिप विकण्याचा हक्क मिळवला. 15 नोव्हेंबर 1971 रोजी तिची जाहिरात प्रसिद्ध झाली. एकाच गिऱ्हाइकाची चिप सर्वांसाठी खुली झाली ती दराच्या घासाघिशीतून, ही गोष्ट या धंद्याचा स्वभाव समजण्यास फार उपयोगी आहे.

चिपच्या खर्चाचे दोन भाग पडतात. आराखडा, मास्क (चिपची नक्षी उमटवण्याचे साचे) आणि चाचणीची तयारी यांवर होणारा खर्च हजार नग विकले काय किंवा एक कोटी विकले काय, एकदाच करावा लागतो. दुसरा भाग प्रत्येक वेफरमागचा, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर अनेक चिप एकदम बनतात तिच्यामागचा, असतो आणि त्या वेफरवरच्या किती चिप निर्दोष निघतात यावर तो अवलंबून राहतो. खप मोठा असेल तर पहिला भाग नगामागे जवळजवळ दिसेनासा होतो. गिऱ्हाइके मोजकी असतील तर तोच भाव ठरवतो.

1974 मध्ये आलेल्या इंटेल 8080 चा सुट्या नगाचा जाहीर भाव 360 डॉलर होता. उत्पादनखर्चाशी या आकड्याचा संबंध कमी आणि ज्या मिनी-कॉम्प्युटरची (कपाटाएवढ्या संगणकाची) जागा ही चिप घेणार होती त्याच्या किमतीशी जास्त, असे मला वाटते. घाऊक खरेदीचा दर अर्थातच वेगळा होता, म्हणून तर अल्टेअर हा अख्खा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपात या भावाहून थोड्याच जास्त पैशांत विकता आला.

मोटोरोला कंपनीच्या 6800 या प्रोसेसरचे काम करणाऱ्या चक पेडल या अभियंत्याला गिऱ्हाइकांकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येत होती: चिप आवडली, पण परवडत नाही. स्वस्त चिपची पेडल यांची कल्पना मोटोरोलाने उचलली नाही, तेव्हा 1974 मध्ये ते काही सहकाऱ्यांसह मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत गेले. तेथे मास्कमधले दोष दुरुस्त करण्याची पद्धत हाती असल्यामुळे निर्दोष चिपचे प्रमाण बरेच वाढले होते. सप्टेंबर 1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात त्यांनी 6502 या आपल्या नव्या चिपचा भाव 25 डॉलर जाहीर केला. प्रदर्शनाच्या दालनात विक्रीला बंदी होती, म्हणून सेंट फ्रान्सिस हॉटेलातील खोलीत काचेच्या बरण्या भरून चिप ठेवल्या गेल्या. बरणीच्या तळाशी सदोष चिप होत्या. भरलेली बरणी पाहून उत्पादन जोरात सुरू आहे अशी खात्री पटावी, हा हेतू होता. पुढच्याच महिन्यात मोटोरोलाने 6800 चा भाव 69 डॉलरवर आणला. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी कंपनीच्या पहिल्या संगणकासाठी 6502 निवडली, त्यात या किमतीचा वाटा मोठा होता.

खप वाढवून भाव पाडण्याचा हा मार्ग सर्वांना खुला नसतो. अवकाशयानासाठी लागणारा आरएडी750 हा प्रोसेसर आयबीएमच्या पॉवरपीसी 750 वर आधारलेला आहे, आणि त्याच घराण्याची चिप ॲपलच्या 1998 च्या आयमॅक संगणकात घरोघरी पोचली होती. मात्र किरणोत्सर्ग सोसू शकेल अशी नव्याने केलेली रचना, दीर्घ चाचण्या आणि अगदी तुटपुंजी मागणी यांमुळे एका नगाची किंमत सुमारे दोन लाख डॉलर सांगितली जाते. क्युरिऑसिटी रोव्हरवर तो आहे. चुकीचा प्रोसेसर निवडला तर संपूर्ण मोहीमच हातची जाते, हे जाणणारा ग्राहक तेवढे पैसे मोजतो आणि विक्रेताही हे ओळखून असतो.

जुन्या चिपच्या बाबतीत हाच दबाव दुसऱ्या बाजूने येतो. स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेटांची चाचणी घेणाऱ्या यंत्रणेसाठी नासाला 2002 च्या सुमारास इंटेल 8086 चिप ईबेसारख्या ठिकाणी शोधाव्या लागल्या. नवी चिप बसवायची तर सॉफ्टवेअर नव्याने लिहून सगळी तपासणी पुन्हा करावी लागते, आणि तो खर्च कितीतरी मोठा असतो. म्हणूनच उत्पादन बंद करण्यापूर्वी कंपन्या शेवटच्या खरेदीची मुदत जाहीर करतात आणि ग्राहक पुढच्या अनेक वर्षांचा साठा एकदम उचलतात. अशा वेळी भाव ठरवताना उत्पादनखर्चापेक्षा ग्राहकाला चिप बदलण्यासाठी किती झीज सोसावी लागेल, याचा हिशोब आधी होतो.

भारताने आपल्या प्रक्षेपकांपुरता हा प्रश्न बाजाराबाहेर सोडवला आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटर प्रक्रियेवर (हे चिपवरच्या घटकांच्या बारीकपणाचे माप) बनलेल्या 32 बिटच्या विक्रम 3201 प्रोसेसरची पहिली तुकडी मार्च 2025 मध्ये इस्रोकडे सोपवण्यात आली. त्याआधीचा 16 बिटचा विक्रम 1601 प्रक्षेपकांत 2009 पासून वापरात आहे. येथे बनवणारा आणि वापरणारा दोघेही सरकारी असल्यामुळे आराखड्याचा आणि मास्कचा एकदाच होणारा खर्च थेट सरकारी तिजोरीतून जातो, आणि पुरवठा परदेशातील विक्रेत्याच्या मर्जीवर किंवा निर्यातबंदीवर अवलंबून राहत नाही.