एक पाऊल मागे येण्याची सोय

सर्व्हरचा बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट होत असतो तेव्हा पंखे पूर्ण वेगात फिरायला लागतात. रॅकसमोर उभं राहून शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पडद्यावरची टक्केवारी सरकते, मध्येच अडते, परत सरकते. तेवढी मिनिटं मी आजही कशालाही हात लावत नाही.

ही धास्ती उगाच नाही. बायोस ज्या फ्लॅश चिपवर असतो तिच्यावर जुनं पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही, आणि पुसायचं तर एकेक अक्षर नाही, अख्खा ठोकळाच पुसावा लागतो. म्हणजे मधे काही क्षण असे येतात की जुनं गेलेलं असतं आणि नवं अजून आलेलं नसतं. नेमकी तेव्हा वीज गेली तर सर्व्हर सुरूच न होण्याची भीती असते.

फर्मवेअर हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर यांनी वापरात आणला. यंत्राच्या पोटात कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर, असा आज त्याचा अर्थ घेतला जातो. सर्व्हरमध्ये ते एकाच ठिकाणी नसतं. बायोसचं वेगळं, नेटवर्क कार्डाचं वेगळं, रेड कंट्रोलरचं (अनेक डिस्क मिळून चालवणाऱ्या कार्डाचं), पॉवर सप्लायचं, प्रत्येक डिस्कचं वेगळं.

‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?’ असं पुष्कळ जण म्हणतात. त्यांना मी २०१९ ची गोष्ट सांगतो. त्या नोव्हेंबरात एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कबद्दल, ग्राहकांना सावध केलं: बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर या डिस्क बंद पडतील आणि आतला डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात, दिवसांत मोजलं तर ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. दोष फर्मवेअरचा होता आणि उपायही नवं फर्मवेअर हाच. खरा घोर वेगळाच होता. एका सर्व्हरमधल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी बसवलेल्या असतात, म्हणजे सगळ्यांचे तास एकदमच भरणार. एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळून घेईल, हा रेडचा सगळा आधार तिथे कोसळतो.

तर अपडेट करावंच लागतं. पूर्वी त्यासाठी खास बूट सीडी बनवा, नाहीतर चालू ऑपरेटिंग सिस्टिममधूनच जीव मुठीत धरून करा, असं चालायचं. आता हे काम करणारं साधन मदरबोर्डवरच बसवलेलं असतं. डेलच्या पॉवरएज सर्व्हरमध्ये २००९ पासून ‘लाइफसायकल कंट्रोलर’ आहे. सर्व्हर सुरू होताना एफ-१० दाबलं की तो उघडतो. हार्ड डिस्क कोरी असली, ऑपरेटिंग सिस्टिम नसली, तरी त्याचं अडत नाही. त्याच्या जोडीला आयड्रॅक नावाची चिप असते. तिचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचं नेटवर्क पोर्ट. मुख्य सर्व्हर बंद असला तरी प्लगला वीज आहे तोवर ती जागी असते, त्यामुळे हे सगळं घरी बसूनही करता येतं. हा कंट्रोलर आधी कुठल्या भागावर कुठली आवृत्ती आहे त्याची यादी करतो, कंपनीच्या कॅटलॉगशी ती ताडून पाहतो, आलेल्या फाइलची डिजिटल सही तपासतो आणि मगच काम हातात घेतो.

पण मला त्याचं खरं मोल वाटतं ते रोलबॅकसाठी, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाण्यासाठी. नवी आवृत्ती टाकताना तो जुनी स्वतःजवळ जपून ठेवतो. जानेवारी २०१८ मध्ये याची किंमत कळली. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी ३ तारखेला जाहीर झाल्या आणि नवे बायोस घाईघाईने बाजारात आले. त्यातल्या इंटेलच्या मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमुळे, काही यंत्रं आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली. २२ तारखेला इंटेलनेच सांगितलं, हे अपडेट टाकणं थांबवा. ज्यांनी टाकलं होतं त्यांना डेलने आधीच्या बायोसवर परत जायला सांगितलं. जुनी प्रत सर्व्हरच्या पोटातच असली की परत जाणं म्हणजे मेनूतला एक पर्याय आणि एक रीस्टार्ट. नसली की फाइल शोधण्यापासून सुरुवात.

प्रत्येक भागाला ही सोय नसते. सीपीएलडी, म्हणजे वीज कुठल्या क्रमाने कुठे द्यायची ते ठरवणारी चिप, एकदा अपडेट केली की तिथून मागे फिरवता येत नाही. आणि विंडोज सर्व्हरवर डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असेल तर बायोस पुढे न्या की मागे, दोन्ही वेळा ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडायची किल्ली, मागितली जाऊ शकते. बिटलॉकर आधी तात्पुरतं थांबवावं, आणि ती किल्ली त्याच सर्व्हरवरच्या फाइलीत ठेवलेली नाही ना, हे पाहून घ्यावं.

मध्यंतरी आमच्याकडचा नवा मुलगा म्हणाला, “सर, बायोस दोन व्हर्जन मागे आहे. आज रात्री दोन्ही एकापाठोपाठ मारून टाकू?” मी त्याला रोलबॅकचा पडदा उघडून दाखवला. प्रत्येक भागापुढे जुनी आवृत्ती एकच. दुसरा अपडेट टाकला की पहिल्याच्या आधीची प्रत पुसली जाणार, म्हणजे इतके दिवस सुरळीत चाललेली आवृत्तीच हातची जाणार. त्याने थोडा वेळ तो पडदा पाहिला, चालू आवृत्तीचा आकडा वहीत लिहून घेतला आणि दुसरा अपडेट पुढच्या शनिवारवर ढकलला.