सूक्ष्मवाचन

साहित्यकृतीतील शब्द, वाक्यरचना, लय, प्रतिमा, निवेदन आणि मांडणी यांच्याकडे बारकाईने पाहत तिच्या अर्थापर्यंत पोहोचण्याची वाचनपद्धती. तिला ‘निकटवाचन’ असेही म्हणतात. कविता, कथा, कादंबरी, नाटक अशा सर्व प्रकारांना ती लागू पडते. या पद्धतीत आशय आणि रूप यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आधी आशय सांगून टाकायचा आणि मागाहून अलंकार, वृत्त, प्रतिमा यांची यादी जोडायची, ही रसग्रहणाची रूढ रीत सूक्ष्मवाचनात बसत नाही. कारण अशा यादीतील एकही नोंद आशयाला धक्का देत नाही की आधार देत नाही. अमुक प्रतिमा इथेच का आली, वाक्य इथेच का तुटले, या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आशय हाती येतो, आणि कित्येकदा तो पहिल्या वाचनात वाटला होता त्याहून वेगळा निघतो.

एक छोटा उतारा घेऊ : ‘पत्र आलं. मी ते वाचून टाकलं. मग घडी घालून, होतं तसं पाकिटात ठेवलं.’ घटना साधी आहे. पण ‘वाचलं’ न म्हणता ‘वाचून टाकलं’ म्हटले आहे. ‘टाकणे’ या सहायक क्रियापदामुळे वाचण्यात एकदाचे उरकून मोकळे होण्याची घाई येते. त्याजागी ‘वाचून काढलं’ घातले तर कष्ट जाणवतील, ‘वाचून घेतलं’ घातले तर सावधपणा. पुढचे वाक्य मात्र या घाईच्या उलट जाते. ते लांब आहे, स्वल्पविरामाशी थबकते, आणि ‘होतं तसं’ या दोन शब्दांत पत्र जणू उघडलेच नव्हते अशी स्थिती परत आणण्याची धडपड दिसते. ‘टाकलं’ आणि ‘ठेवलं’ ही दोन क्रियापदे वाक्यांच्या शेवटी समोरासमोर उभी राहतात. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिन्ही वाक्यांतील क्रियापदे नपुंसकलिंगी आहेत, कारण ती पत्राप्रमाणे चालतात. त्यामुळे सांगणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कळत नाही. ‘मी’ आहे, पण वाक्यावर सत्ता पत्राची आहे. पाठवणाऱ्याचा तर उल्लेखही नाही; पत्र स्वतःहून यावे तसे ‘आलं’.

एवढे पाहिल्यावर ‘हा उतारा दुःखाविषयी आहे’ असे म्हणणे पुरेसे वाटत नाही. एखादी गोष्ट संपवून टाकण्याची इच्छा आणि ती सोडून न देता येणे, यांतील ओढाताण हे त्याचे आशयसूत्र म्हणता येईल, आणि त्या विधानामागे क्रियापदे, वाक्याची लांबी व विरामचिन्ह असा पुरावा उभा आहे. हे पत्र प्रियकराचे आहे, असा दावा मात्र करता येणार नाही. तसे सुचवणारे काहीही संहितेत नाही. वर वापरलेली शब्द बदलून पाहण्याची कसोटी सूक्ष्मवाचनातले सर्वांत कामाचे साधन आहे. बदल केल्यावर अर्थात काहीच हलले नाही, तर त्या तपशिलावर फार भार टाकू नये.

विषय आणि आशयसूत्र यांत फरक करणे इथे आवश्यक ठरते. विषय एका शब्दात सांगता येतो : युद्ध, विरह, सत्ता. आशयसूत्र हे त्या विषयासंबंधी कृतीतून उभे राहणारे म्हणणे असते आणि ते सांगायला पूर्ण वाक्य लागते. ‘युद्ध’ हा विषय झाला. ‘युद्ध जिंकणाऱ्यालाही पुन्हा पूर्वीच्या घरी परतू देत नाही’ हे आशयसूत्र. ते पात्राच्या तोंडी आलेल्या बोधवाक्यात शोधणे धोक्याचे असते, कारण पात्राचे मत आणि कृतीचे म्हणणे एकमेकांच्या विरोधात असू शकतात.

आधुनिक सूक्ष्मवाचनाची सुरुवात सहसा केंब्रिजमधील आय. ए. रिचर्ड्स यांच्यापासून मानली जाते. १९२०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा करून १९२९ मध्ये ते विश्लेषणासह प्रसिद्ध केले. चांगल्या शिकलेल्या वाचकांनाही कवितेचा सरळ अर्थ लागत नव्हता, आणि पुष्कळजण कवितेऐवजी स्वतःच्या मनातल्या तयार भावनांना प्रतिसाद देत होते, असे त्यातून पुढे आले. त्यांचे विद्यार्थी विल्यम एम्पसन यांनी १९३० मध्ये काव्यातील अनेकार्थतेचे सात प्रकार मांडून एकेका ओळीत किती अर्थ एकाच वेळी जागे असतात ते दाखवले. पुढे अमेरिकेतील नवसमीक्षकांनी, म्हणजे इतिहास व चरित्र बाजूला ठेवून केवळ संहितेकडे पाहणाऱ्या समीक्षकांनी, या पद्धतीला वर्गात आणले. त्यांच्यापैकी विम्सॅट आणि त्यांचे सहलेखक बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये असा आग्रह धरला की लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. हा आग्रह आज टोकाचा वाटतो. पण लेखकाच्या चरित्रातून कवितेचे ‘उत्तर’ काढण्याच्या सवयीला त्याने घातलेला लगाम फार मोलाचा होता.

त्याआधीच रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे साहित्याच्या रूपावर भर देणाऱ्या अभ्यासकांनी, वेगळ्या वाटेने हाच प्रश्न हाताळला होता. सवयीने बोथट झालेले जग कला पुन्हा अनोळखी करून दाखवते, हा श्क्लोव्हस्की यांचा अपरिचितीकरणाचा सिद्धान्त १९१७ मधला आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने मात्र हे काम कित्येक शतके आधी आश्चर्यकारक बारकाईने केले होते. नवव्या शतकातील आनंदवर्धन यांनी विभक्ती, वचन, समास, प्रत्यय यांसारख्या व्याकरणिक घटकांतूनही ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, प्रकट होतो असे दाखवले. त्यांच्यानंतरच्या कुंतकांनी वक्रतेचे, म्हणजे रूढ बोलण्याहून वेगळ्या, कवीच्या खास उक्तीचे, सहा स्तर कल्पिले : वर्णांची योजना, शब्दाचा पूर्वभाग, प्रत्यय, वाक्य, प्रकरण (प्रसंग) आणि प्रबंध, म्हणजे संपूर्ण कृती. एकेका वर्णापासून समग्र रचनेपर्यंत जाणारी ही शिडी आजही वाचकाच्या हाती देता येईल अशी आहे. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा विचार केला, आणि आशय व अभिव्यक्तीच्या संबंधावर पुढे बराच वाद झडला.

कथात्म साहित्यात शब्दांइतकेच निवेदनाकडे लक्ष द्यावे लागते. कोण सांगतो आणि कोणाच्या नजरेतून दिसते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत : तृतीयपुरुषी निवेदक एखाद्या लहान मुलाच्या समजेपुरतेच जग दाखवू शकतो. काळाची हाताळणीही बोलकी असते. फ्रेंच समीक्षक झेरार झनेत यांनी १९७२ मध्ये क्रम, कालावधी आणि वारंवारता अशी तिची विभागणी केली. दहा वर्षे एका वाक्यात उरकून दहा मिनिटांवर दहा पाने खर्च करणारी कथा आपले वजन कुठे आहे ते सांगतच असते. कोणत्या प्रसंगाचे वर्णन टाळले आहे, कोणत्या पात्राला बोलायला दिलेलेच नाही, हेही वाचायचे असते. स्त्रीवादी आणि वसाहतोत्तर समीक्षेने सूक्ष्मवाचनाची ही बाजू विशेष समृद्ध केली. नवसमीक्षकांनी बाहेर ठेवलेला इतिहास त्यांनी संहितेतल्याच मौनांच्या दारातून आत आणला.

रूपातील प्रत्येक आकृतिबंध अर्थपूर्ण असतोच असे नाही. भाषाशास्त्रज्ञ याकोबसन आणि मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये फ्रेंच कवी बोदलेअरच्या एका सुनीताचे व्याकरण, यमक आणि ध्वनी यांच्या पातळीवर विलक्षण काटेकोर विश्लेषण केले. समीक्षक रिफातेर यांनी १९६६ मध्ये त्यावर आक्षेप घेतला की यातले कित्येक आकृतिबंध वाचकाला जाणवूच शकत नाहीत. हा आक्षेप आजही टाळता येत नाही. दुसरी मर्यादा आवाक्याची आहे : या पद्धतीने थोड्याच कृती वाचून होतात. साहित्याभ्यासक फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये मांडलेले ‘दूरवाचन’ हजारो कृतींमधील प्रवाह मोजू पाहते. एखादा शब्द एखाद्या कालखंडात विरळ होत गेला हे त्यातून दिसते. त्याची जागा कोणत्या वाक्यात कशाने घेतली आणि त्याने काय बदलले, हे तपासायला पुन्हा त्या वाक्यापाशीच जावे लागते.