ही दुसरी कोण?

कलादालनात चित्रांच्या मधोमध माइक लावायचा, कवींनी एकेका चित्रापाशी उभं राहून त्यावर लिहिलेली कविता म्हणायची, आणि श्रोत्यांनी एकदा कवीकडे, एकदा भिंतीकडे बघत ऐकायचं. अशा कार्यक्रमांचं हल्ली नावीन्य म्हणून कौतुक होतं. कौतुक व्हावंच, पण नावीन्याचं म्हणाल तर हा प्रसंग आपल्याकडे किमान बाराशे वर्षांपूर्वी रंगमंचावर झालेला आहे, आणि तो लिहिणारा नाटककार विदर्भातला होता.

भवभूती स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो. आठव्या शतकातल्या त्याच्या ‘उत्तररामचरित’चा पहिला अंक ‘चित्रदर्शन’ म्हणूनच ओळखला जातो. राज्याभिषेक झालेला आहे, सीता गरोदर आहे, माहेरची माणसं परत गेल्यामुळे उदास आहे. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण सांगतो की, चित्रकाराने आपल्याच आयुष्यातले प्रसंग वीथीत रंगवले आहेत, चला बघू. वीथी! आज आपण गॅलरीला ‘कलावीथिका’ म्हणतो, तोच शब्द. मग तिघं चित्रामागून चित्र बघत जातात आणि प्रत्येक चित्रापाशी श्लोक उमटतो.

मिथिलेतल्या लग्नाच्या चित्रापाशी लक्ष्मण ओळख करून देतो: या आपण, या मांडवी, ही श्रुतकीर्ती. सीता हसून चौथीकडे बोट दाखवते, ‘वत्स, इयमप्यपरा का?’ बाळा, आणि ही दुसरी कोण? ती उर्मिला, त्याची स्वतःची बायको. लक्ष्मण लाजतो आणि घाईघाईने पुढच्या चित्राकडे नेतो.

शूर्पणखेच्या चित्राशी सीता घाबरते, तेव्हा राम म्हणतो, अगं, हे चित्र आहे. पण पुढे जनस्थान येतं (परंपरेने आपलं नाशिक-पंचवटी), आणि चित्राला चित्र म्हणणाऱ्या रामालाच ते सोसवत नाही. सीताहरणानंतरची त्याची अवस्था सांगताना लक्ष्मणाच्या तोंडी ‘अपि ग्रावा रोदित्यपि दलति वज्रस्य हृदयम्’ ही ओळ येते: दगडही रडेल, वज्राचंही काळीज फुटेल. चित्रं बघून सीतेला पुन्हा त्या वनांत हिंडण्याचे, भागीरथीत स्नान करण्याचे डोहाळे लागतात. राम रथ जोडायला सांगतो, तेवढ्यात लोकापवादाची बातमी येते, आणि हौसेने मागवलेल्या त्याच रथातून सीता वनवासाला जाते. चित्र बघण्याची इतकी मोठी किंमत दुसऱ्या कुठल्या नाटकात कुणी मोजल्याचं मला आठवत नाही.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’तही सहाव्या अंकात दुष्यंत चित्रातल्या भुंग्याला दटावतो, विदूषक भानावर आणतो तेव्हा राजा चिडतो, की तू आठवण करून दिलीस आणि माझ्या प्रियेचं पुन्हा चित्र करून टाकलंस. पण माझ्या मते या विषयाचं मूळ बीज सीतेच्या प्रश्नातच आहे. दाखवणारा ज्या आकृतीला वगळून पुढे जातो, तिच्यावर बोट ठेवायचं.

राजवाड्याबाहेर चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याचं काम चित्रकथी करत होते. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा आजवर धरून ठेवली. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, हुडुक आणि टाळाच्या साथीत एक पान दाखवायचं, गाणं-निरूपण झालं की उलटायचं. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. पुढे तिच्याकडे कुणी फारसं फिरकेना, तेव्हा परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. याच जातीची, ‘पैठणी शैली’ म्हणून ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. ती जमवणारे दिनकर केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, हा योगायोग नसावा असं आपलं मला वाटतं.

चीनमध्ये तर कवितेला वेगळ्या जागेची गरजच नव्हती. तांग राजवटीच्या काळात तू फू या कवीने चित्रांवर कविता लिहिल्या आणि पुढे चित्राच्याच रिकाम्या भागात कविता लिहिण्याची रीत पडली. आपल्या रागमाला चित्रांच्या (राग-रागिण्यांना रूप देणाऱ्या) माथ्यावरच्या ओळीही त्याच नात्यातल्या.

युरोपात चित्रावरच्या कवितेचं मूळ होमरपर्यंत नेतात. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीचं लांबलचक वर्णन आहे. पण ती ढाल कवीच्या कल्पनेतली. खरी चित्रं सरदार-धर्मगुरूंच्या भिंतींवर होती, तिथे साध्या माणसाला कोण येऊ देणार? ब्रिटिश म्युझियम 1759 मध्ये लोकांसाठी उघडलं, लूव्र 1793 मध्ये, लंडनची नॅशनल गॅलरी 1824 मध्ये. घोड्यांच्या तबेल्यावर पोट असलेल्या घरातला जॉन कीट्स 1817 मध्ये ग्रीक शिल्पं बघायला जाऊ शकला तो त्यामुळे. दोन वर्षांनी त्याने ग्रीक कलशावरची प्रसिद्ध कविता लिहिली. कलशावर बळी द्यायला निघालेली मिरवणूक आहे, आणि कीट्स विचारतो ते कलशावर नसलेल्या गावाबद्दल: ही सगळी माणसं इथे आली, तर मागे ओस पडलेल्या त्या गल्ल्यांचं काय? पुन्हा सीतेचाच प्रश्न.

1938 च्या हिवाळ्यात इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन ब्रसेल्सच्या कलासंग्रहालयात गेला. तिथल्या, चित्रकार ब्रॉयगलच्या नावावरच्या एका चित्रात शेतकरी नांगरतो आहे, मेंढपाळ वर बघतो आहे, जहाज चाललं आहे. आणि कोपऱ्यात, मेणाचे पंख वितळून आकाशातून पडलेल्या, पाण्यात बुडणाऱ्या इकॅरसचे इवलेसे पाय. ऑडनने त्या पायांवर आणि न थांबणाऱ्या जहाजावर कविता लिहिली. गंमत म्हणजे ते चित्र ब्रॉयगलच्या हातचं नसून प्रत असावी, असं अभ्यासक आता मानतात. कवितेचं त्याने काहीच बिघडलं नाही.

आपल्याकडे गॅलरीच्या आधी छापखाना आला. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याची चित्रं घराघरांत पोचली. हिंदीत ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी चित्रं छापायचे आणि त्यांवर कवींकडून कविता लिहवून घ्यायचे. अशा कवितांचा ‘कविता-कलाप’ हा संग्रह 1909 चा. त्यातल्या बऱ्याचशा रचना चित्रात दिसतं तेच पुन्हा सांगतात. ठरवून लिहवून घेतलेल्या कवितेचा हा धोका आजही टळलेला नाही.

पण याच वर्तुळात एक विलक्षण गोष्ट घडली. रवींद्रनाथांनी काव्यातल्या उपेक्षित स्त्रियांवर निबंध लिहिला होता, आणि त्यात भवभूतीच्या वीथीतल्या उर्मिलेची आठवण होती: क्षणभर दिसली आणि लक्ष्मणाने चित्र झाकलं. तो धागा धरून द्विवेदींनी कवींच्या उर्मिलेबद्दलच्या उदासीनतेवर लिहिलं, आणि त्यांच्या मुशीतून घडलेल्या मैथिलीशरण गुप्तांनी उर्मिलेला केंद्रस्थानी ठेवून ‘साकेत’ हे महाकाव्य रचलं, 1931 मध्ये. सीतेच्या प्रश्नाला उत्तर यायला बाराशे वर्षं लागली. रवींद्रनाथांचा स्वतःचा ‘विचित्रिता’ हा चित्रांवरच्या कवितांचा संग्रह त्यानंतर दोन वर्षांनी आला.

मराठीत या वाटेवरचं मोठं नाव ना. धों. महानोर. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला 1844 मध्ये मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल आला. वर्षानुवर्षं राबून केलेल्या त्याच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. चित्रांच्या इतिहासात गिलचं नाव राहिलं. 1856 मध्ये वारलेली त्याची इथली सोबतीण पारो मात्र तळटीपेत. लेण्यांपासून जवळच पळसखेड्यात शेती करणाऱ्या महानोरांनी ‘अजिंठा’ या खंडकाव्यात ती तळटीप मधोमध आणली.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये सुरू झाली. तिच्या हाकेच्या अंतरावर, वेसाइड इन या उपाहारगृहाच्या खिडकीशी बसणारे कवी अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरातीत चित्रकाराची नजर वापरून पोट भरणारे. त्यांनी लिहिलं ते मात्र काळा घोड्याच्या फुटपाथवरच्या माणसांवर आणि कुत्र्यांवर.

गॅलरीने स्वतः कवींना बोलावणं ही अलीकडची रीत. लंडनच्या टेट गॅलरीने कवींना आपल्या संग्रहातल्या चित्रांवर लिहायला सांगितलं आणि 1986 मध्ये त्या कवितांचं पुस्तक काढलं. नंतर जगभर हे लोण पसरलं. शाळा-कॉलेजांच्या कार्यशाळा आल्या, चित्राशेजारी कवितेची पाटी आली आणि मग माइक आला. संग्रहालयांत हळू बोलायची शिस्त असते. तिथे मोठ्याने कविता म्हणणं पहिल्यांदा जरा अवघडच वाटतं.

आणि एक साधी अडचण हमखास येते: कवी उभा कुठे राहणार? चित्रासमोर राहिला तर चित्र झाकतो, बाजूला सरकला तर प्रकाशाबाहेर जातो, कागद वाचता येत नाही. पिंगुळीत हा प्रश्न कधीच सुटला आहे. पोथी पुढे, गाणारा मागे, आणि गाणं तोंडपाठ.