उत्तर एकच नसतं : रोबोटचं कोपर आणि शाळेतलं बीजगणित

एक गोष्ट करून बघा. समोर टेबलावर चहाचा कप ठेवा, तो घट्ट धरा, खांदा हलवू नका, कपही हलू देऊ नका, आणि आता फक्त कोपर वर खाली करा. हलतं ना? कप जागच्या जागी, पंजा जागच्या जागी, तरी कोपर फिरतंय. म्हणजे कप धरताना हात कसा ठेवायचा याची उत्तरं ढीगभर आहेत आणि आपला मेंदू त्यातलं एक न सांगता निवडून मोकळा होतो. रोबोटला मात्र ते निवडून द्यावं लागतं, आणि निवडायच्या आधी मुळात उत्तरं आहेत किती हे माहीत हवं, नाहीतर हात भलतीकडून फिरून शेजारच्या मशीनला धडकेल.

आता सोप्यात सोपा रोबोट घेऊ. सपाट टेबलावर दोन दांड्या, दोन्ही ५ फूट लांब, खांदा (०, ०) वर आणि हाताचं टोक न्यायचंय (७, १) वर. कोपर कुठे येईल ते माहीत नाही, म्हणून त्याला (क्ष, य) म्हणू. खांद्यापासून कोपर ५ फूट आणि टोकापासूनही ५ फूट, बस्स, एवढीच माहिती, म्हणजे ५ फूट त्रिज्येची दोन वर्तुळं:

क्ष² + य² = २५
(क्ष − ७)² + (य − १)² = २५

एकातून दुसरं वजा करा. वर्ग उडून जातात आणि उरतं ७क्ष + य = २५. यावरून य काढून पहिल्यात घातला की क्ष² − ७क्ष + १२ = ०, म्हणजे दहावीतलं वर्गसमीकरण. क्ष ३ किंवा ४. कोपर एकतर (३, ४) वर, नाहीतर (४, −३) वर, म्हणजे कोपर वर किंवा कोपर खाली. टोक (१०, ०) वर न्यायला सांगितलं तर दोन्ही उत्तरं (५, ०) वर येऊन एक होतात, हात पूर्ण ताठ. अशा जागेला रोबोटवाले सिंग्युलॅरिटी म्हणतात आणि तिच्यापासून लांब राहतात, कारण तिथे टोक जरासं हलवायलाही सांधे एकदम जोरात फिरवावे लागतात. आणि (११, ०) सांगितलं तर य² ऋण येतं, म्हणजे हात तिथवर पोचतच नाही.

एत्येन बेझू या फ्रेंच गणितज्ञाने १७७९ साली सांगितलं की समीकरणांच्या घातांचा गुणाकार केला की जास्तीत जास्त किती उत्तरं असू शकतात ते कळतं (उत्तरं मोजता येण्याइतकी असतील तर). वरच्या उदाहरणात २ गुणिले २ म्हणजे ४ यायला हवीत, आपल्याला मिळाली २. उरलेली दोन कुठे गेली? जगातली सगळी वर्तुळं अनंतावरच्या त्याच दोन काल्पनिक (म्हणजे ज्यांच्या आकड्यांत ऋण संख्येचं वर्गमूळ येतं अशा) बिंदूंतून जातात, ती दोन तिकडे अडकलीत. ऐकायला विचित्र वाटतं पण खरा त्रास इथूनच सुरू होतो, कारण बेझूचा आकडा भराभर फुगतो, १० वर्गसमीकरणं घेतली की १०२४, आणि त्यातली कामाची उत्तरं असतात मूठभर.

कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या रोबोटच्या हाताला साधारण सहा सांधे असतात, प्रत्येक एकाच अक्षाभोवती फिरणारा. आपल्या हाताला तसे सात धरतात, म्हणून तर कप धरूनही कोपर फिरत होतं, सहाच असले की उत्तरं मोजकी राहतात. पण किती? १९८५ साली त्साय आणि मॉर्गन यांनी हा प्रश्न ८ वर्गसमीकरणांत मांडला, बेझूच्या हिशोबाने २५६, आणि कॉम्प्युटरवर सोडवल्यावर १६ पेक्षा जास्त उत्तरं कधी आलीच नाहीत. पुढच्याच वर्षी प्रिमरोझ यांनी सिद्ध केलं की १६ हीच मर्यादा आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पीपर यांचं काम, ते याच्याही आधीचं, १९६८ सालचं. त्यांनी दाखवलं की लागून असलेल्या तीन सांध्यांचे अक्ष एकाच बिंदूत मिळाले तर सगळा प्रश्न जास्तीत जास्त चौथ्या घाताच्या समीकरणावर येतो, आणि ते तर सूत्राने सुटतं. म्हणून आजही बहुतेक कारखानी रोबोटचं मनगट तसंच बनवतात. बीजगणित सोपं व्हावं म्हणून लोखंडाचा आकार ठरवलाय, याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

आता उलटं बघा. वैमानिकांच्या ट्रेनिंगचा सिम्युलेटर सहा पायांवर उभा असतो आणि प्रत्येक पाय लांब आखूड होतो. केबिन कुठे हवी ते ठरलं तर पायांची लांबी काढणं सोपं, पण पायांच्या लांबीवरून केबिन कुठे आहे ते काढा म्हटलं तर ४० उत्तरं! राघवन यांनी १९९३ साली ती आकडेमोड करून मिळवली आणि १९९८ साली डिटमायर यांनी असा प्लॅटफॉर्म शोधला की ज्याची चाळीसच्या चाळीस उत्तरं खरी आहेत, एकही काल्पनिक नाही.

हे सोडवतात कसं? एक रस्ता ब्रुनो बुखबर्गर यांचा, १९६५ साली इन्सब्रुकला पीएचडी करताना शोधलेला. दोन समीकरणं घ्या, सगळ्यात मोठी पदं जुळतील असं गुणा, वजा करा, उरलेलं यादीत टाका, आणि नवीन काही निघेनासं होईपर्यंत करत राहा. आपण दोन वर्तुळांना केलं तेच, फक्त न थकता. हाती येणाऱ्या यादीला त्यांनी आपल्या गाईडचं नाव दिलं, ग्रोब्नर बेसिस. उत्तर पक्कं येतं, पण मधले आकडे इतके अवाढव्य होऊ शकतात की कॉम्प्युटरची मेमरी संपते. दुसरा रस्ता म्हणजे ज्यांची सगळी उत्तरं माहीत आहेत अशी सोपी समीकरणं घ्यायची, ती हळूहळू बदलत अवघड समीकरणांपर्यंत न्यायची आणि प्रत्येक उत्तराचं बोट धरून सोबत चालायचं, त्यातली काही वाटेतच अनंताकडे निघून जातात, जी पोचतात ती आपली. त्साय-मॉर्गन आणि राघवन याच रस्त्याने गेले.

इथे गणितज्ञ डॉ. श्रीराम अभ्यंकरांची आठवण येतेच. १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू करणारे अभ्यंकर शाळेतल्या बीजगणिताची बाजू हिरीरीने मांडायचे, एकेक चल काढून टाकत जायची ही जुनी पद्धत मागे पडू नये असं त्यांना मनापासून वाटायचं. पर्ड्यू युनिव्हर्सिटीत ते गणिताबरोबर कॉम्प्युटर सायन्स आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचेही प्रोफेसर होते, आणि कॉम्प्युटरवर डिझाइन करताना लागणाऱ्या वक्रांवर त्यांनी काम केलं ते याच हत्यारांनी.

तुमच्या खिशातही हेच चालू असतं. जीपीएसला चार गोष्टी माहीत नसतात, जागेचे तीन आकडे आणि फोनच्या घड्याळाची चूक (ही चूक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी असली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो), म्हणून किमान चार उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रहापासूनच्या अंतराचं एक अशी चार वर्गसमीकरणं, एकमेकांतून वजा केली की वर्ग उडतात, शेवटी एक वर्गसमीकरण आणि दोन उत्तरं. बहुतेक वेळा एक जमिनीवरचं असतं आणि दुसरं कुठेतरी लांब अवकाशात, त्यामुळे निवड सोपी. जास्त उपग्रह दिसत असले तर अंदाज धरून तो सुधारत नेतात.

ड्रोनच्या फोटोंवरून थ्रीडी नकाशा करताना मात्र निवड इतकी सोपी नसते. एकाच इमारतीचे दोन फोटो असतील आणि दोन्हीत जुळणारे पाच बिंदू सापडले, तर कॅमेरा कोणत्या दिशेला सरकला आणि किती वळला ते काढता येतं, फक्त उत्तरं १० पर्यंत येऊ शकतात. २००४ साली निस्टर यांनी हे दहाव्या घाताच्या एकाच समीकरणावर आणून भराभर सोडवायची रीत दिली. जुळवलेल्या बिंदूंत चुकीच्या जोड्याही असतात, म्हणून कॉम्प्युटर पाच पाच बिंदू रँडम उचलून हे शेकडो वेळा सोडवतो आणि प्रत्येक उत्तर बाकीच्या सगळ्या बिंदूंवर तपासतो, ज्या उत्तराशी सगळ्यात जास्त बिंदू जुळतील ते ठेवतो, बाकीची टाकून देतो.